गाडीतला जीपीएस कसा जपावा: पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता उन्हात लावलेल्या गाडीचं दार उघडून पाहा. आतली झळ तोंडावर येते, स्टिअरिंग धरवत नाही, सीटबेल्टचं बक्कल चटका देतं. बाहेर पारा ४५ असेल तर काचेखालचा काळा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातो. आणि नेमकं तिथंच, त्या काचेला चिकटवून, आपण पोटात लिथियमची बॅटरी असलेलं यंत्र दिवसभर सोडून जातो. माझा पहिला नेव्हिगेटर असाच गेला. दोन उन्हाळे त्यानं काढले, तिसऱ्यात मागचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं. उघडलं तर आतली बॅटरी तळलेल्या पापडासारखी फुगलेली. महिनाभर मी कंपनीच्या नावानं बोटं मोडली. चूक माझीच होती.

जुनी गाडी घेतली आणि सोबत काचेवर एक जीपीएस आला, किंवा दुकानदारानं नव्या गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ बसवून दिला आणि पुढचं काही सांगितलंच नाही, अशांसाठी हे लिहितोय. फोनवरच नकाशा लावत असाल तरी निम्म्याहून अधिक गोष्टी तुम्हालाही लागू आहेत.

पायरी १: आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

तीन प्रकार दिसतात. एक, काचेला चिकटणारा सुटा नेव्हिगेटर: गार्मिन किंवा मॅपमायइंडियासारखा, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा नकाशा असलेला. दोन, डॅशबोर्डात बसवलेला स्टिरिओ. याला सहसा बॅटरी नसते, हा गाडीच्याच विजेवर चालतो. तीन, होल्डरमधला फोन. टॅक्सी-बसमध्ये पॅनिक बटणाबरोबर बसवलेला ट्रॅकर ही निराळी चीज आहे. ती गाडी कुठे आहे हे दुसऱ्यांना कळवते, आपल्याला रस्ता दाखवत नाही. तिला हात लावू नका.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवत असतात आणि तुमचं यंत्र तो फक्त ऐकतं. किमान चार उपग्रहांचा आवाज नीट आला की आपण कुठे आहोत हे त्याला काढता येतं. इंटरनेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिकसाठी. नकाशा आधीच यंत्रात असेल तर मेळघाटात फोनला एक दांडी नसतानाही बाण बरोबर सरकत राहतो. म्हणून फोनवाल्यांनी निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा. घाटात पोचल्यावर आठवून उपयोग नसतो.

पायरी २: जागा ठरवा, मग चिकटवा

नवखे लोक होल्डर काचेच्या मधोमध, डोळ्यांच्या रेषेत लावतात. समोरून येणारी स्कूटर नेमकी त्यामागे लपते. बरी जागा म्हणजे काचेचा अगदी खालचा भाग: उजव्या खांबाजवळचा कोपरा किंवा मध्यभागी स्टिरिओच्या वर. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं, तिथे काही ठेवू नये. बॅग उघडली तर वरची वस्तू गोळीसारखी सुटते. फोनच्या बाबतीत कायद्याचंही भान हवं. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त रस्ता बघण्यासाठी करता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. पत्ता टाइप करायचा तो गाडी उभी असताना.

आता सक्शन कप, म्हणजे होल्डर काचेला धरून ठेवणारी रबरी वाटी. "सारखा पडतो हो," ही तक्रार मी जितकी ऐकलीय तितकी दुसरी कुठलीच नाही. गंमत म्हणजे कप बहुतेक वेळा चांगला असतो, काच तेलकट असते. सर्व्हिसिंगला गाडी दिली की डॅशबोर्ड चमकवणारा स्प्रे मारतात, त्याचा थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो. बोटानं काच पुसून पाहा, बोट घसरलं की समजा. अशा वेळी असं करा:

१. कप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि तसाच वाळू द्या. टॉवेलनं पुसलात तर त्याचे तंतू चिकटतात.
२. काचेवरची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या स्पिरिटनं, पुसा.
३. थंडीच्या पहाटे कप कडक होतो. चिकटवण्यापूर्वी तळहातांत मिनिटभर धरा.
४. लावल्यावर पाच मिनिटं नुसता कप राहू द्या, मग यंत्र अडकवा.

कपाची कड वाकडी झाली असेल तर गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून ताटावर पालथा दाबून ठेवला की बऱ्याचदा सरळ होतो. तरीही नाहीच धरला तर नवा घ्या. फेविक्विकचे प्रयोग मी पाहिलेत, त्यात काच आणि होल्डर दोन्ही जातात.

पायरी ३: ऊन. इथे आळस करू नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं पाळा: गाडीतून उतरताना यंत्र काढून सोबत न्या. दोनच मिनिटांचं काम असलं आणि गाडी झाडाखाली लावली असली तरीही. सावली सरकते आणि दोन मिनिटांच्या कामाला बँकेत तासभर लागतो. सोबत नेणं अगदीच जमलं नाही तर सीटखाली किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. तिथेही गरम होतंच, पण काचेतून येणारं ऊन थेट अंगावर बसत नाही.

कारण सोपं आहे. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारण ० ते ४५ अंश ही मर्यादा धरतात. त्यापलीकडे चार्जिंग झालं की आत वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. ती पूर्ण भरलेली असताना तापली तर आणखी लवकर म्हातारी होते. म्हणजे सर्वात वाईट जोडी कोणती, तर भरलेली बॅटरी, तापलेली गाडी आणि वर चार्जरही चालू. आपण नेमकं हेच करतो. भाजीबाजारातून परत येतो, भट्टी झालेल्या गाडीत बसतो, इंजिन चालू करतो आणि चार्जरची पिन आधी खोचतो.

त्याऐवजी खिडक्या उघडून गाडी थोडी पुढे न्या, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. पाच-दहा मिनिटांनी यंत्राची पाठ हाताला कोमट लागली की चार्जर जोडा. तोवर ते स्वतःच्या बॅटरीवर चालेल.

फोनचं दुखणं थोडं वेगळं. जीपीएस चालू, स्क्रीन पूर्ण उजळलेली, डेटा चालू, चार्जिंग चालू, वर काचेतून ऊन. तो आधी स्क्रीन अंधुक करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी तापमानाचा इशारा दाखवून गप्प बसतो. बिघाड म्हणू नका, तो स्वतःला वाचवत असतो. उन्हाळ्यात फोनसाठी एसीच्या जाळीला लावायची क्लिप काचेवरच्या होल्डरपेक्षा कधीही चांगली. जाड कव्हर काढून टाका. तापलेला फोन किंवा नेव्हिगेटर बर्फाच्या डब्यात मात्र ठेवू नका. आत दव धरतं आणि मग ऊन परवडलं म्हणायची वेळ येते.

बॅटरी फुगलीय हे कसं कळणार? झाकणाची फट वाढते, स्क्रीन मधूनच उचलल्यासारखी वाटते, टेबलावर ठेवलेलं यंत्र डुगडुगतं. असं दिसलं की चार्जिंग बंद. दाबू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पायरी ४: वीज नीट द्या

इंजिन बंद असताना गाडीच्या बॅटरीवर साधारण साडेबारा व्होल्ट असतात, चालू झाल्यावर चौदाच्या आसपास. स्टार्टर फिरताना मात्र व्होल्टेज एकदम खाली जातं आणि पुन्हा उसळतं. चांगला चार्जर हे धक्के पचवतो. सिग्नलवर घेतलेला पचवीलच असं नाही. म्हणून सवय लावून घ्या: आधी इंजिन, मग चार्जर, बंद करताना आधी चार्जर, मग इंजिन. ट्रक-बसवाल्यांच्या गाडीत २४ व्होल्ट असतात. चार्जरवर १२-२४ असं लिहिलं असेल तरच तो तिथे खोचा.

काही गाड्यांचं लायटर सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर चार्जर सॉकेटातून काढूनच ठेवा. थेंबाथेंबानं गाडीचीच बॅटरी उतरते.

चार्जिंग अचानक बंद पडलं तर यंत्र दुकानात नेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, सॉकेटात डोकवा. कपात ठेवलेल्या सुट्या पैशांतलं एखादं नाणं आत पडलेलं असतं आणि त्यानं फ्यूज उडवलेला असतो. माझ्याकडे दोनदा झालंय, दोन्ही वेळा एकच रुपया. किल्ली बंद करून नाणं काढा आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या आकृतीत सॉकेटचा फ्यूज शोधा. बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तेवढ्याच आकड्याचा नवा घाला, मोठा घालू नका. दुसरी, बऱ्याच नेव्हिगेटरच्या मूळ चार्जरचं टोक फिरवून उघडतं आणि आत काचेचा इवलासा फ्यूज असतो. टोक उघडताना खाली रुमाल पसरा, कारण आतली स्प्रिंग उडते आणि सीटच्या फटीत गेली की गेली. तिसरी, केबल. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, काही डेटासकट. जुन्या यंत्रांना मिनी-यूएसबी लागते, ती आणि जुन्या फोनची मायक्रो-यूएसबी दिसायला सारखी, पण जबरदस्तीनं घातली तर आतली पिन वाकते.

चार्जर लावला की एफएम खरखरतो आणि जीपीएसलाही उपग्रह सापडेनासे होतात, असं होत असेल तर तो चार्जर बदला. हलके चार्जर आणि काही स्वस्त डॅशकॅम विजेचा गोंगाट करतात. उपग्रहाचा संदेश मुळात इतका क्षीण असतो की या गोंगाटात तो बुडतो.

स्टिरिओवाल्यांसाठी इथेच सांगतो. मागच्या तारांत पिवळी कायम विजेची, लाल किल्लीबरोबर चालू होणारी आणि काळी अर्थिंगची, असा सर्वसाधारण संकेत आहे. बसवणाऱ्यानं घाईत पिवळी आणि लाल दोन्ही कायमच्या विजेला जोडल्या तर स्टिरिओ कधीच पूर्ण बंद होत नाही आणि तीन दिवसांनी गाडी स्टार्ट होत नाही. दोन्ही किल्लीला जोडल्या तर दरवेळी घड्याळ आणि सेटिंग पुसलं जातं. यातलं एखादं लक्षण दिसलं की त्यालाच परत बोलवा. सोबत जीपीएसची अँटेना कुठे ठेवलीय तेही विचारा: लांब वायरीच्या टोकाला असलेली काडेपेटीएवढी चौकोनी डबी. बरेच जण ती स्टिरिओच्या मागे कोंबतात. तिला आकाश दिसायला हवं. डॅशबोर्डच्या टोकाला, काचेखाली ठेवली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

पायरी ५: स्क्रीन, धूळ, पाऊस

मऊ मायक्रोफायबर फडकं, किंचित ओलं. बस. काच पुसायचा निळा स्प्रे स्क्रीनवर मारू नका. त्यानं वरचा लेप जातो आणि थेंब कडेनं आत उतरतात. जुन्या यंत्रांची स्क्रीन दाब ओळखणारी असते. ती भलतीकडेच बोट लागल्यासारखं वागू लागली तर सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची जागा पुन्हा जुळवायची सोय, शोधा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर येतो. पोर्टमध्ये टाचणी घालायचा मोह आवरा, मऊ कोरडा ब्रश पुरे. यंत्र ओल्या रेनकोटच्या खिशात ठेवू नका. घरी डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

पायरी ६: सिग्नल मिळेपर्यंत धीर धरा

बरेच दिवस बंद असलेलं किंवा बंद असतानाच मुंबईहून विमानानं नागपूरला आणलेलं यंत्र चालू केलं की ते बराच वेळ नुसतं शोधत बसतं. लोक लगेच म्हणतात, बिघडलं. तसं नसतं. प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या जागेची ताजी माहिती घ्यायला निदान अर्धं मिनिट लागतं, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. इंटरनेट असलेल्या फोनला ही माहिती आयती मिळते, म्हणून तो चुटकीसरशी जागा दाखवतो. सुट्या यंत्राला ती आकाशातूनच घ्यावी लागते. तेव्हा पहिल्यांदा चालू करताना पार्किंगच्या तळघरात नको. मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, चहा घ्या, पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका.

नंतरही सिग्नल कमजोरच राहिला तर काचेवर धातूचा थर असलेली फिल्म आहे का ते पाहा. तशा फिल्ममधून संदेश अडतो. कसारा किंवा वरंधा घाटात, उंच कड्याला लागून जाताना बाण दरीत उडी मारताना दिसला तर घाबरू नका. संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्र फसतं. उड्डाणपुलावर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडवर, हेही त्याला नेहमी कळत नाही. पुण्याच्या चांदणी चौकात त्याचं ऐकण्यापेक्षा वरची पाटी वाचा.

पायरी ७: नकाशा ताजा ठेवा

यंत्र धडधाकट आणि नकाशा जुना, ही अवस्था मला सर्वात धोक्याची वाटते, कारण ते चुकीचं सांगतानाही तितक्याच ठाम आवाजात सांगतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. २०२१चा नकाशा असलेलं यंत्र त्या रस्त्यावर तुम्हाला शेतातून धावताना दाखवतं आणि जमेल तिथे वळून परत यायला सांगत राहतं. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर तर शिवडी सोडली की बाण सरळ समुद्रात.

अपडेट करताना घाई करू नका. आधी घर, ऑफिस, गावचं शेत अशा साठवलेल्या जागांची प्रत काढा. मूळ डेटा केबलच वापरा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा, त्याची स्लीप बंद करा. लोडशेडिंगची वेळ टाळा. फाइल अर्धी उतरलेली असताना केबल निघाली तर यंत्र कंपनीच्या लोगोवरच अडकून बसू शकतं. आतली जागा कमी पडली तर मेमरी कार्ड घाला, पण बऱ्याच जुन्या यंत्रांना ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखता येत नाही.

नकाशाबरोबर सॉफ्टवेअरचं अपडेटही घ्या. जीपीएस आठवडे मोजतं आणि १,०२४ आठवडे झाले की जुन्या यंत्रांचा आकडा पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं होतं. तुमचं जुनं यंत्र सुमारे १९ वर्षं ७ महिने मागची तारीख दाखवत असेल तर कारण बहुधा हेच.

पायरी ८: अडकलं तर

क्रमानं जा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. नाही झालं तर मेमरी कार्ड काढून पुन्हा तेच करा, कारण बिघडलेलं कार्ड यंत्राला सुरूच होऊ देत नाही. मग दुसरी केबल, दुसरा चार्जर. फॅक्टरी रीसेट सर्वात शेवटी, त्यात साठवलेलं सगळं जातं. यूट्यूबवर पाहून झाकण उघडण्याच्या फंदात पहिल्याच महिन्यात पडू नका.

पायरी ९: ठेवून देताना, विकताना

महिनोन्‌महिने वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, दर तीन महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यापर्यंत न्या. पूर्ण उतरलेली तशीच ठेवली तर ती परत उठत नाही.

विकण्याआधी रीसेट करा, कार्ड काढून घ्या. त्यात तुमचं घर, रोजची वाट, मुलांची शाळा सगळं असतं. मी तर वापरात असतानाही "घर" म्हणून आमच्या कोपऱ्यावरचा पेट्रोलपंप टाकून ठेवलाय. तिथून पुढचं मला येतं. आणि यंत्र काढून नेलंत तरी काचेवर सक्शन कपाचा गोल ठसा उरतो. गाडीत काहीतरी आहे हे चोराला त्यावरूनच कळतं. उतरताना तेवढा तळहातानं पुसून टाका.